सूचना कितवी होती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपघातावरच्या कालच्या अग्रलेखात 'धोक्याची सूचना मिळूनही ऑपरेटरने दुर्लक्ष केले' हे वाक्य दोनदा आले आहे. ३१ वर्षे कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर काढली, म्हणून नम्रपणे विचारतो: ती सूचना त्या रात्रीची कितवी होती?

आमच्या कारखान्यात पावसाळ्यात एका टाकीच्या लेव्हल स्विचमध्ये, म्हणजे टाकी भरली की अलार्म देणाऱ्या स्विचमध्ये, पाणी शिरायचे. मग दर पाच-सात मिनिटांनी हूटर. उठायचे, अ‍ॅक्नॉलेज (अलार्म कळला, असे सांगणारे बटण) दाबायचे, बसायचे. मेंटेनन्सचे उत्तर ठरलेले, 'पाऊस थांबला की बघू.' अशाच एका नाईट शिफ्टला शेजारच्या टाकीचा खरा अलार्म आला. तोच हूटर, पॅनेलवर पेटणारी तशीच दोन इंचांची पांढरी खिडकी. मी सवयीने दाबले. टाकी ओसंडली. सुदैवाने नुसते पाणीच होते. 'निष्काळजीपणा'चा मेमो मात्र मलाच, लेव्हल स्विचला नाही!

पुढे सौ.चे लाल नेलपॉलिश नेऊन शेजारच्या टाकीच्या खिडकीवर ठिपका दिला. पुन्हा कधी घोटाळा झाला नाही. ऑडिटच्या आदल्या दिवशी साहेबांनी तो पुसायला लावला. पॅनेल वाईट दिसते म्हणे.

अमेरिकेतही निराळे काही घडले नव्हते. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर अलार्म वाजले. त्यात एक व्हॉल्व्ह अडकून उघडाच राहिला होता, पण पॅनेलवरचा दिवा विझलेला, म्हणून सगळ्यांना वाटले तो बंद आहे. कारण तो दिवा व्हॉल्व्ह बंद झाला हे सांगतच नव्हता. बंद होण्याचा हुकूम गेला, एवढेच सांगत होता. साहेबाने सही केली म्हणजे काम झाले, त्यातलाच प्रकार. व्हॉल्व्ह दोन तासांहून जास्त उघडा होता. सुरुवातीला तिथेही बोट ऑपरेटरकडेच गेले. अग्रलेख लिहिणाऱ्यांनी तेवढे तरी वाचायला हरकत नव्हती.

जाता जाता. आपल्या अ‍ॅपवर जाहिरात बंद करायची फुली मुंगीच्या डोक्याएवढी आहे आणि अगदी कोपऱ्यात. माझे बोट थरथरते. काल अग्रलेख उघडताना मी तीन वेळा फ्लॅटच्या बुकिंगला जाऊन आलो. तेव्हापासून सारखा त्या बिल्डरचा फोन येतो. हीही माझीच चूक असेल, तर तसे छापावे.

आपला,
एक निवृत्त पॅनेल ऑपरेटर, डोंबिवली