घरपट्टी माफ केलीत, आता घराचे बोला

प्रति,
मा. माजी सैनिक कल्याण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सादर नमस्कार. मी मराठा लाईट इन्फंट्रीतून 24 वर्षांच्या सेवेनंतर 2011 साली निवृत्त झालेला हवालदार असून सातारा शहरात गोडोली भागात भाड्याच्या घरात राहतो. करंजे परिसरातील 28 लाखांच्या सदनिकेसाठी मी एका बँकेकडे 25 लाखांचे गृहकर्ज मागितले होते. गेल्या आठवड्यात मंजुरीचे पत्र हाती आले. त्यात रक्कम 13 लाख होती, आणि तीही दोन पगारदार जामीनदार उभे केल्यास. मधली तफावत भरून काढायला बांधकाम व्यावसायिकाने मुदत दिली नाही; इसाराच्या रकमेतून आपला खर्च कापून घेऊन त्याने सदनिका दुसऱ्या ग्राहकाला दिली. करारात तसे कलम असल्यामुळे त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार शासनाविषयी आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

बँकेतील साहेबांनी माझ्याशी उर्मटपणा केला नाही, हे आधी सांगतो. त्यांनी माझा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, समोर ओढला, जन्मसालाभोवती लाल पेनाने गोल केला आणि कोपऱ्यात ‘70 वजा 58’ असे मांडून खाली 12 लिहिले. म्हणजे वयाच्या सत्तरीपर्यंत कर्ज फिटले पाहिजे, हा त्यांचा नियम, आणि त्या नियमाने माझ्या हाती उरली 12 वर्षे. साडेआठ टक्के व्याजाने 25 लाखांचा 20 वर्षांचा हप्ता सुमारे 21,700 रुपये येतो. तोच 12 वर्षांत बसवला की 27,750 च्या घरात जातो, आणि हे सगळे पेन्शनीतून भागवायचे. त्यात ती पेन्शनही पूर्ण नाही. निवृत्त होताना बहुतेक जवान करतात त्याप्रमाणे मी नियमानुसार निम्मी पेन्शन विकली होती, म्हणजे तिच्या बदल्यात एकरकमी पैसे घेतले होते, कारण बहिणीचे लग्न आणि वडिलांचे आजारपण एकाच वर्षी आले. विकलेला भाग 15 वर्षांनी, म्हणजे 2026 च्या डिसेंबरात, पूर्ववत सुरू होणार आहे. ही गोष्ट कागदावर आहे, सरकारच्याच नियमात आहे आणि काही महिन्यांवर आली आहे. तरीही साहेबांचे म्हणणे असे पडले की, ‘आज खात्यात येते तेवढेच आम्ही धरतो.’ एमआयडीसीत रात्रपाळीला सुरक्षा रक्षक म्हणून उभा राहतो, त्याचा निम्मा पगार ठेकेदार रोखीने देत असल्यामुळे बँकेच्या लेखी तेवढ्या रात्री मी झोपलेलो असतो.

जामीनदाराची अट मात्र मला जास्त लागली. पलटणीत माझ्याकडे काही वर्षे कोतची, म्हणजे शस्त्रागाराची, जबाबदारी होती. रायफली, मशीनगन, दारूगोळा यांचा हिशेब रोज माझ्या सहीने मिटत असे आणि एक काडतूस कमी भरले तरी माझे कोर्ट मार्शल झाले असते. त्या सहीला आज साताऱ्यात कोणा पगारदाराच्या सहीचा आधार लागतो, आणि तो पगारदार माझा चुलतभाऊ असला तरी, ‘दादा, माझेही कर्ज चालू आहे,’ असे म्हणून खाली बघतो. त्याला दोष तरी कसा देणार?

महोदय, शासनाने माजी सैनिकांसाठी काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. 2020 साली बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आली आणि माजी सैनिकांना व सैनिकांच्या विधवांना घरपट्टीतून सूट मिळाली. त्याबद्दल आभार. फक्त एवढेच विचारायचे आहे की, घरपट्टी माफ करून घ्यायला आधी घर लागते, हे त्या वेळी मंत्रालयात कोणाच्या लक्षात आले होते काय? गृहकर्जाच्या व्याजात मदत करणारी केंद्रीय सैनिक बोर्डाची योजना आहे. ती युद्धविधवांसाठी, युद्धात अपंगत्व आलेल्यांसाठी आणि सेवेशी निगडित कारणाने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे. त्यांचा हक्क पहिला, यात वाद नाही. पण हातपाय शाबूत घेऊन परत आलेल्या जवानाने घराचे काय करायचे, हा प्रश्न त्या योजनेबाहेर राहतो. शिवाय व्याजाची भरपाई कर्ज मिळाल्यानंतरची गोष्ट आहे. नोकरीत असताना आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडाकडून घरासाठी अग्रिम मिळतो, हे मला ठाऊक आहे. मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदली, बायको-मुले गावी, आणि मुलांची शाळा शेवटी कुठे स्थिरावणार याचा पत्ता नाही, अशा अवस्थेत घर नेमके कोणत्या गावात घ्यायचे, हे त्या वयात कोणाला ठरवता येते? घराचा विचार सुचतो तो वर्दी उतरल्यावर, आणि तोपर्यंत वेतनातून हप्ता कापणारे खातेच राहिलेले नसते.

माझा भाचा नोकरीनिमित्त टेक्सासला असतो. त्याच्या शेजारच्या माजी सैनिकाने पदरचा एक डॉलरही न भरता घर घेतले, असे त्याने सांगितले तेव्हा मला ती फुशारकी वाटली. नंतर नीट वाचले. अमेरिकेने दुसरे महायुद्ध संपण्याच्याही आधी, जून 1944 मध्ये, परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला आणि त्यात घराची तरतूद घातली. तिथे कर्ज सरकार देत नाही, बँक किंवा खासगी वित्तसंस्थाच देते. सरकारचा माजी सैनिक विभाग त्या कर्जाच्या ठरावीक हिश्श्याची हमी घेतो. तेवढ्या हमीवर बँक सुरुवातीची रक्कम मागत नाही आणि एरवी अशा कर्जावर दरमहा लागणारा विमाही लावत नाही. सैनिकाने पात्रतेचा दाखला आणायचा, उत्पन्न आणि पूर्वीची परतफेड बँकेने तपासायची. एकरकमी शुल्क असते, पहिल्या वेळी काहीही न भरता कर्ज घेतल्यास 2.15 टक्के, आणि सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची भरपाई घेणाऱ्यांना तेही माफ. आजवर अडीच कोटींहून अधिक कर्जांना अशी हमी मिळाली आहे. अमेरिकेचे सगळेच उचलावे असे मी म्हणत नाही, परंतु हमी देण्यासाठी तिजोरीतून दरमहा पैसे मोजावे लागत नाहीत, हे तरी आपल्या वित्त विभागाला समजायला हरकत नसावी.

आणि हमी म्हणजे काय, हे आपल्या राज्याला कोणी शिकवावे? सातारा-सांगलीच्या पट्ट्यात ‘थकहमी’, म्हणजे कर्ज थकले तर शासनाने भरण्याची हमी, हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जांना राज्य शासन वर्षानुवर्षे थकहमी देत आले. त्यातले काही कारखाने अवसायनात गेले, काही कवडीमोलाने विकले गेले, आणि शेकडो कोटींचा भार शेवटी शासनावर आला. तेव्हा कोणी संचालकांच्या जन्मसालाभोवती लाल गोल केला नाही. लघुउद्योगांच्या कर्जांसाठी केंद्राने 2000 सालापासून हमी निधी उभा केला आहे. मग ज्याचे उत्पन्न दर महिन्याला खुद्द भारत सरकारच जमा करते, त्या माणसाला थकहमी देताना शासनाचा हात का आखडतो? माझ्या समजुतीने याचे उत्तर सरळ आहे. कारखान्याच्या मागे मतदारसंघ असतो. हवालदाराच्या मागे पत्नी आणि बारावीतला मुलगा.

साताऱ्यात भाषण करायला येणारा प्रत्येक नेता अपशिंगे मिलिटरीचे नाव घेतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. ते नाव घ्यायलाच हवे. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली साताऱ्यात निघाली, तिचाही उल्लेख होतो. मेळाव्याला आम्ही पदके लावून पहिल्या रांगेत बसतो, गळ्यात शाल पडते, फोटो निघतो. त्या शालींवर बँक कर्ज देत असती तर माझ्या सदनिकेचे निम्मे पैसे केव्हाच उभे राहिले असते.

माझी गोष्ट तरी पेन्शनवाल्याची आहे. 2022 साली सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली. अग्निवीर चार वर्षांनी बाहेर पडतात, त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के कायम होतात, आणि उरलेल्यांच्या हाती सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी पडतो, पेन्शन नाही. पहिली तुकडी लवकरच आपापल्या गावी परत येईल. माझ्या वयाला लाल गोल करणारे साहेब त्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या कागदावर कशाभोवती गोल करतील? वय त्याच्या बाजूने असेल आणि उत्पन्नाचा रकाना कोरा असेल.

माझी मागणी मोजकी आहे. माजी सैनिकाने स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या पहिल्या घराच्या कर्जाला, समजा 30 लाखांपर्यंत, राज्य शासनाने थकहमी द्यावी आणि त्या हमीवर जामीनदाराची अट रद्द करून घ्यावी. विकलेली पेन्शन कोणत्या तारखेला पूर्ववत होणार हे सरकारी कागदावर दिसत असल्यास ते उत्पन्न बँकांनी हिशेबात धरावे, यासाठी राज्यस्तरीय बँकर्स समितीत विषय मांडावा. परतफेडीची वयोमर्यादा पेन्शनधारकांसाठी 75 पर्यंत न्यावी. माझ्यानंतर माझ्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणारच आहे, त्यामुळे हप्ता माझ्याबरोबर सरणावर जाणार नाही. मुद्रांक शुल्कात महिलेच्या नावावर घर घेतल्यास एक टक्का सवलत आहे, तशीच माजी सैनिकालाही द्यावी, म्हणजे दस्ताच्या दिवशी लागणाऱ्या आणि कर्जात न धरल्या जाणाऱ्या रोख रकमेचा भार थोडा हलका होईल.

इसारातले कापलेले पैसे आपण मला द्यावेत असे मी म्हणत नाही. या मागण्यांपैकी काय होऊ शकते, काय होणार नाही आणि होणार नसेल तर कोणत्या नियमामुळे, याचे लेखी उत्तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवावे. पुढच्या मेळाव्यातील भाषणात उत्तर देऊ नये, ही विनंती. त्या रात्री माझी पाळी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हवालदार
गोडोली, सातारा