डक्ट साफ करून घेण्याआधी: अमेरिकेतील घरमालक सभासदांसाठी सूचना

सभासदहो,

थंडी जवळ आली की ‘९९ डॉलरमध्ये अख्ख्या घराचे डक्ट साफ’ अशी पत्रकं आणि फोन सुरू होतात. (डक्ट म्हणजे गरम-थंड हवा खोल्याखोल्यांत नेणारे नळ.) कृपया भुलू नका. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या, म्हणजे ईपीएच्या माहितीनुसार एका हीटिंग-कूलिंग यंत्रणेला साधारण ४५० ते १,००० डॉलर लागतात. घरात दोन यंत्रणा असतील तर दर विचारतानाच सांगा.

स्वस्तातला माणूस व्हेंटच्या, म्हणजे खोलीत हवा सोडणाऱ्या झरोक्याच्या, तोंडाशी व्हॅक्यूम फिरवतो आणि मग ‘आत बुरशी आहे’ म्हणत बिल वाढवतो. अशा वेळी नमुना तपासल्याचा अहवाल मागा. नीट काम म्हणजे फर्नेसजवळच्या (हवा तापवणाऱ्या यंत्राजवळच्या) मुख्य डक्टला भोक पाडून मोठा व्हॅक्यूम जोडायचा, एकेका व्हेंटमधून ब्रशने किंवा हवेच्या झोताने धूळ सोडवायची आणि ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा), कॉइल (हवा थंड करणाऱ्या नळ्या) आणि त्याखालचं पाणी झेलणारं ड्रेन पॅनही साफ करायचं. शेवटी ते भोक पक्कं बंद केलेलं स्वतः पाहा. फट राहिली तर तापवलेली हवा तळघरातच जाते. दोन माणसांना तीन-चार तास लागतात. फायबरग्लासचं अस्तर असलेल्या डक्टमध्ये जंतुनाशक फवारू देऊ नका, त्यासाठी ईपीएकडे एकही रसायन नोंदलेलं नाही.

हे दरवर्षी करायचं काम नाही. रिटर्नची, म्हणजे खोलीतली हवा यंत्रणेकडे परत ओढणाऱ्या तोंडाची, जाळी काढून टॉर्च मारा. जाळीवरची राखाडी धूळ पुसली की झालं. आत ड्रायवॉलची (भिंतीच्या जिप्सम फळ्यांची) पांढरी पूड साचलेली, उंदरांच्या लेंड्या किंवा बुरशी दिसली तरच बोलवा. कपडे वाळवायच्या ड्रायरचा व्हेंट (त्याची हवा बाहेर सोडणारा नळ) मात्र दरवर्षी साफ करा, तिथे साचलेल्या लिंटमुळे, म्हणजे कपड्यांच्या तंतूंमुळे, आग लागते. त्याचा दर बहुधा वेगळा असतो, आधीच विचारून घ्या.