हत्ती साताऱ्याचा निघाला

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

व्हॉइस नोट पाठवणार होतो, पण तू त्या दीड स्पीडवर ऐकतोस असं ऋतुजाने सांगितलं, म्हणून टाइप करतोय, एका बोटाने, चुका सांभाळून घे.

काल तू ग्रुपवर टाकलंस ना, नाताळात जयपूर आणि आमेरच्या किल्ल्यावर ओजसला हत्तीवरून न्यायचंय म्हणून, ते वाचून आई म्हणाली त्याला लिहा. मी म्हटलं तूच लिही, तर म्हणते मी लिहिलं की रडारड होते, तुम्ही लिहा.

तर मथुरेला नुसतं देवदर्शन करून आलो असं तुला सांगितलं ते अर्धंच खरं. झेलम एक्सप्रेसने गेलो, वृंदावन झालं, गोकुळ झालं, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही टूरवाल्यांना टांग मारली. आग्रा-मथुरा हायवेवर फराह म्हणून गाव आहे, तिथे जवळच वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचं हत्तींचं केंद्र आहे, 2010 पासूनचं, आणि 2018 मध्ये देशातलं पहिलं हत्तींचं हॉस्पिटलही तिथेच सुरू झालं. सर्कशीतले, वरातीतले, रस्त्यावर भीक मागायला फिरवलेले असे हत्ती सोडवून आणून ठेवतात. बुकिंग आधी करावं लागतं ते आईने परस्पर करून ठेवलं होतं, मला रिक्षात बसल्यावर कळलं. आणि दोन डझन केळी घेतली होती तिने हत्तींसाठी, ती गेटवरच बाहेर ठेवायला लावली. बाहेरचं खाणं चालत नाही, हात लावायचा नाही, वर बसणं तर सोडाच. मी मनात म्हटलं, मग आलोय कशाला?

पहिला तासभर खरं सांगायचं तर नुसतं खाणं बघितलं. हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खातो हे शाळेत वाचलेलं असतं पण समोर ऊस मोडून खाताना बघणं वेगळं, पायाने दाबतो, सोंडेने पिळतो, माती झटकतो, मग तोंडात. घाई अजिबात नाही. आपल्याकडे कुणाला एवढं निवांत जेवताना मी शेवटचं कधी बघितलं आठवत नाही.

मग पायांचं काम दाखवलं. एक म्हातारी हत्तीण, लोखंडी गजांच्या पलीकडे उभी, तिची देखभाल करणारा पोरगा हिंदीत काहीतरी म्हणाला आणि तिने आपणहून पाय उचलून गजांमधल्या आडव्या पट्टीवर ठेवला! अंकुश नाही काठी नाही, बदल्यात कलिंगडाची फोड. कोमट पाण्यात औषध घालून पाय शेकला, मग चक्क कानस घेऊन नखं घासली, आपल्या वर्कशॉपमध्ये असायची तसलीच. तुझी नखं कापताना मला आणि आजीला मिळून तुला धरावं लागायचं ते आठवलं. तळव्याला जुन्या गळवाची खोल जखम होती. तो म्हणाला हे बऱ्याच जणांना असतं, वर्षानुवर्षं सिमेंटवर नाहीतर तापलेल्या डांबरावर उभं राहून, कारण हत्तीचा पाय खालून कडक खुरासारखा नसतो, आत चरबीची गादी असते, मऊ मातीवर चालायला केलेला पाय आहे तो. त्या हत्तिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईचा लगेच पदर डोळ्याला. पण तो म्हणाला रडत नाहीये ती, डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळीच हत्तीला नसते म्हणून ते गालावरून वाहतं. मला हे बरं वाटलं, म्हणजे उगाच भरून आणायला कुणी बघत नव्हतं तिथे.

दुपारी लांबून एक नर हत्ती दाखवला, सूरज. एक कानच नाही त्याला. कुठला हा म्हणून मी सहज विचारलं तर म्हणे महाराष्ट्रातला, साताऱ्याचा, देवळात साखळीला बांधलेला असायचा, 2015 च्या डिसेंबरात सोडवून आणला. अरे आपण कुलदैवताला दरवर्षी साताऱ्यावरूनच जातो! किती देवळं केली आपण त्या भागात, कंदी पेढे घेऊन परत. आई कुंपणाशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, "काय रे बाळा, जेवलास का?" तो पोरगा हसायला लागला. सूरजने अंगावर धूळ उडवली आणि कान हलवला. आई म्हणते मराठी ओळखलं त्याने. मी म्हटलं अगं उन्हात कान हलवतातच ते, कानात मोठ्या शिरा असतात, वारा लागला की रक्त गार होतं, त्यांना आपल्यासारखा घाम येत नाही. तर मला म्हणाली तुम्ही गप्प बसा. आणि मग माझंच मला लक्षात आलं की ह्याला वारा घालायलाही एकच कान आहे. मग मी गप्प बसलो.

घरी आल्यावर हॉलमधला तुझा फोटो बघितला, नारायण पेठेतल्या वाड्यासमोरचा, हत्तीवर बसलेला. 1993, तू सहा वर्षांचा. पाच रुपये दिले होते मी माहुताला. आजीने सोंडेत नारळ ठेवला होता, गल्लीतली सगळी पोरं गोळा झालेली. मे महिना होता. तुला खाली उतरवलं तर तू अनवाणी, चप्पल कुणीतरी वर बसवताना काढलेली, आणि डांबरावर पाय टेकल्या टेकल्या असा बोंबललास की मी तुला उचलूनच घरात नेलं, आईने पायाला लोणी लावलं. बाहेर हत्तीण तासभर तरी होती, नंबर लागलेले.

आता मला कुणाला दोष द्यायचा नाहीये. 2025 च्या जुलैमध्ये नांदणीच्या जैन मठातल्या माधुरी हत्तिणीला कोर्टाच्या ऑर्डरने गुजरातेत अंबानींच्या वनतारा प्राणी केंद्रात नेलं तेव्हा कोल्हापूरच्या मामांनी ग्रुपवर काय रान उठवलं होतं आठवतंय ना, अंबानींवरच्या रागाने जिओची सिमकार्डं बदलली लोकांनी. मी तेव्हा त्यांना ज्ञान शिकवायला गेलो आणि आठवडाभर मामा बोलले नाहीत माझ्याशी. त्या लोकांचं रडणं खरंच होतं, तीस वर्षं दारातली हत्तीण म्हणजे घरचंच माणूस. आजीचा नारळपण खराच होता. पण त्या प्रेमाने पायाची जखम भरत नाही, हे मला फराहला जाऊन कळलं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी.

तर राइड कॅन्सल कर. हत्तीची पाठ घोड्यासारखी नसते, मणके वरच्या बाजूला टोकदार असतात, त्यावर हौदा आणि माणसं घेऊन दगडी चढण चढायची, रोज. आमेरला जीप वरपर्यंत जातात. ओजस रडेल, तर रडू दे, नाहीतर मला व्हिडिओ कॉल लावून दे, हत्तीची नखं कानशीने कशी घासतात ते त्याला दाखवतो, माझ्याकडे व्हिडिओ आहे. परत येताना तुम्हाला मथुरा जमत असेल तर बुकिंग आई करून देईल, तिला आता सगळं येतं.

तुझा फोटो हॉलमध्येच आहे. मी काढणार होतो, आईने काढू दिला नाही, म्हणते पुढचे दोन दात पडलेला त्याचा एवढा एकच फोटो आहे.

बाकी ठीक. गुडघा तसाच.

तुझा,
बाबा

ता. क. जीपचे पैसे आधी ठरव, तू घासाघीस करत नाहीस. आणि केळी परतीच्या झेलममध्ये आम्ही दोघांनीच खाल्ली, भुसावळपर्यंत पुरली.