काकाजी, ते मंजुरीपत्र तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत

तीर्थस्वरूप काकाजींस,
साष्टांग नमस्कार.

घरी येऊन आभार मानायला गेले की तुम्ही "चहा घे बेटा" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. शिक्षणकर्ज काढून शिकलेली आणि नोकरी न धरता गावातच धंदा मांडणारी माझ्यासारखी पोरंपोरी आपल्या समुद्रपूर तालुक्यात आणखीही आहेत. त्यांनीही ते वाचावं.

अन्न तंत्रज्ञानात बी.टेक. झाले तेव्हा डोक्यात एकच होतं. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी आमच्याकडची हळकुंडं पोत्यानेच व्यापाऱ्याकडे जातात. ती इथेच दळायची, इथेच पाकिटात भरायची. कर्ज कसं फेडायचं याचा विचार मागे पडला. बँकेचं पहिलं पत्र आलं, ते मी कपाटात कपड्यांखाली ठेवलं. दुसरंही तिथेच गेलं. बाबा सहकर्जदार. माझं खातं थकलं तर त्यांच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडणार, पेरणीच्या तोंडावर पीककर्जाला अडचण येणार, हे कळत होतं. कळत होतं म्हणूनच बोलवत नव्हतं. आपल्या भागात कर्जाचा विषय घरात किती हळू आवाजात निघतो, ते तुम्हाला सांगायला नको.

"काहून भेतेस? सारे कागद घेऊन ये," एवढंच तुम्ही म्हणालात.

तुमच्या ओसरीवर त्या दिवशी तुम्ही माझ्या कर्जाचं मंजुरीपत्र शेवटपर्यंत वाचलंत. मग वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडलेला हिशोब अजून माझ्याकडे आहे. दरवर्षी १ लाख याप्रमाणे ४ लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के. शिकताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज चढत राहतं. ते झालं १ लाख ४० हजार. मुद्दलात मिळवून ५ लाख ४० हजार. पाच वर्षांत फेडायचं तर महिन्याला जवळपास साडेअकरा हजार, पंधरा वर्षांत फेडायचं तर ५,८००. मी लगेच पंधरावर बोट ठेवलं. तुम्ही पेन्सिल उचलून खाली आणखी एक ओळ लिहिलीत: पाच वर्षांत व्याज दीड लाखाच्या आत, पंधरा वर्षांत पाच लाखांवर. "मुदत वाढव, पण हातात पैसा आला की जास्तीचा भर," म्हणालात.

मग तुम्ही ते सांगितलंत जे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शिक्षणकर्ज योजनेत २०१५ च्या सुधारणेनंतर अशी सोय आहे की पदवीनंतर स्वतःचा उद्योग उभारणाऱ्याला, धंदा रुजेपर्यंत, बँक हप्त्यात सवलतीचा काळ देऊ शकते. देईलच असं नाही, पण अर्ज केल्याशिवाय नक्कीच देणार नाही. उद्यम नोंदणी, खाद्य परवाना, विक्रीची वही, सगळं जोडून अर्ज तुम्ही माझ्याच हाताने लिहून घेतलात, तीनदा फाडून. नव्वद दिवस थकलं की खातं बुडीतात जातं, त्याच्या आत आपण शाखेत पोचलो. वर्षभराची सवलत मिळाली.

त्या वर्षातही महिन्याला साडेचार हजार व्याज चढणार, हे तुम्ही विसरू दिलं नाहीत. हळद फेब्रुवारी-मार्चात निघते, शिजवून, वाळवून, पॉलिश होईतो उन्हाळा लागतो, पैसा त्यानंतर. तुम्ही वेगळं खातं काढायला लावलंत. दर विक्रीतून आधी त्यात टाकायचे, मग घरखर्च. मोबाइलवर झटपट कर्ज देणारं ॲप मी तुम्हाला दाखवलं होतं, तेव्हा पहिल्यांदा तुमचा आवाज चढला. त्या रागाबद्दल मी तुमची फार ऋणी आहे. जुनं खातं सरळ झाल्यावरच तुम्ही सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेचा अर्ज भरू दिलात. त्यातल्या ३५ टक्के अनुदानाच्या आधाराने आमची दळण्याची मशीन आली.

एक सल मात्र राहिली. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण असेल, तर शिकतानाचं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. आम्ही त्यात बसत होतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला वेळेत द्यायचा होता, तो कोणी मागितला नाही, आम्हालाही माहीत नव्हतं. ते १ लाख ४० हजार गेले. तुम्ही दोनदा शाखेत गेलात, हात हलवत परत आलात, आणि पायरीवर बसून बराच वेळ बोलला नाहीत. माझ्या नुकसानीचं तुम्हाला इतकं वाईट वाटलेलं पाहिलं, तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

आमच्या शेजारच्या पोराला यंदा अभियांत्रिकीला प्रवेश मिळालाय. त्याच्या बाबांना मी आधी तहसीलला पाठवलं. दाखला हातात आलाय, बँकेचा अर्ज कोराच आहे. रविवारी सकाळी दोघांना घेऊन येते, घरीच असाल ना?

तुमची लेक,
हळदवाली