न दिलेल्या पुडीबद्दल

प्रिय सिन्सेह,

तुम्हाला मराठी येत नाही, त्यामुळे हे पत्र तुमच्यापेक्षा माझ्या मैत्रिणीच जास्त वाचतील. सिंगापुरातल्या आम्हा मराठी बायकांत सध्या एकच चौकशी चालू आहे, "त्या चिनी वैद्यीणबाईंकडून वजन उतरवायची कुठली पुडी घेतलीस गं?" त्यांना उत्तर आणि तुमचे आभार एकदमच उरकते.

पुडी तुम्ही दिलीच नाहीत. मी मात्र ती मागायलाच आले होते. वजन 81 किलो, आणि पर्समध्ये ऑनलाइन मागवलेली वजन उतरवायची कॉफी. पाकीट उलटंपालटं करत तुम्ही विचारलंत, "छातीत धडधड? तोंडाला कोरड? झोप उडालीय?" तिन्ही होतं. अशा कॉफीत सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध चोरून मिसळलेलं सापडतं, आणि हृदयाला धोका म्हणून ते 2010 मध्येच बाजारातून काढलंय, हे तेव्हा कळलं. मग बेल्जियमची गोष्ट सांगितलीत. 1990च्या दशकात तिथे वजन कमी करायच्या गोळ्यांत 'फांग-जी' या चिनी मुळीऐवजी नावाने जवळची 'ग्वांग फांग-जी' गेली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. "आमचीच औषधं. म्हणून सांगते," म्हणालात. स्वतःच्या दुकानातल्या मालाबद्दल असं बोलणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

आधी पॉलिक्लिनिकमध्ये थायरॉइड आणि साखर तपासायला पिटाळलंत. रिपोर्ट बरे आल्यावरच मनगटावर तीन बोटं ठेवलीत, आधी एका हाताला, मग दुसऱ्या. घाई नाही, बोलणं नाही. नंतर जीभ. कडांना दातांचे ठसे आणि वर पांढरा चिकट थर, हे तुम्ही आरशात दाखवलंत.

खरं सांगू? तुमचं सगळं मला पटलेलं नाही. प्लीहा अन्नाचं रूपांतर करून ते अंगभर पोचवते, ती थकली की ओल साचते आणि त्या ओलीचा कफ होतो, हे कॉलेजात शिकलेल्या जीवशास्त्रात कुठे बसत नाही. आमची आजी त्यालाच अग्नी मंद झालाय म्हणाली असती आणि सुंठ दिली असती. पण त्या 'ओली'च्या नावाखाली तुम्ही माझ्या हातातला बर्फाचा मायलो, ते गोड चॉकलेटी पेय, काढून घेतलात, त्याला मी काय बोलणार! दिवसाला दोन मोठे ग्लास पीत होते. आता 'कोपी ओ कोसोंग', म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी. पहिला आठवडा तोंड कडूझार होतं.

सकाळी सात ते नऊ ही पोटाची वेळ, तेव्हा गरम काहीतरी खायचं, असं तुमचं घड्याळ. मी त्या वेळी ट्रेनमध्ये उभी असायची, उपाशी, आणि अकरा वाजता बिस्किटांचा पुडा संपवायची. आता घरून तांदळाची पेज पिऊन निघते. तुम्ही सांगितलेले यी-मी या चिनी धान्याचे दाणे, ते मधोमध खाच असलेले टपोरे पांढरे, रात्री भिजवून लाल चवळीसारख्या त्या बारीक लाल दाण्यांबरोबर उकळते. त्यात चेन-पी, म्हणजे संत्र्याची वाळवलेली साल. ती वर्षानुवर्षं जपून मुरवतात आणि जितकी जुनी तितकी महाग, हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे लिंबाचं लोणचं असतं तसंच की!"

आणि कोहळा! आमच्याकडे तो दृष्ट लागू नये म्हणून दाराला टांगतात, तुम्ही त्याचं आल्याचं सूप करायला लावलंत. नवरा म्हणाला, दाराचा कोहळा आता पोटात. वर तो स्वतःच दोन वाट्या प्यायला.

अकरा महिन्यांत 81चे 73 झाले. मधले दोन महिने काटा हललाच नाही, तेव्हा मी पुन्हा पुडी मागितली होती. तुम्ही उठून बा-दुआन-जिन या आठ हालचालींच्या चिनी व्यायामातली तिसरी हालचाल करायला लावलीत, एक तळहात आभाळाकडे, दुसरा जमिनीकडे. दवाखान्यात, रांगेतल्या चार आजोबांसमोर! लाजेने मेले होते. आता खालच्या मजल्यावरच्या मोकळ्या जागेत त्याच आजोबांबरोबर करते.

"पोट दहापैकी सात हिस्से भरलं की ऊठ," हे तुमचं वाक्य मात्र अजून साधत नाही, विशेषतः वरणभातापुढे. दिवाळीला चकल्या घेऊन आले तेव्हा तुम्ही दोन खाल्ल्यात, तिसरी उचललीत, माझ्याकडे पाहिलंत आणि डबा सरकवून दिलात. पण तिसरी परत ठेवली नाहीत, हे मी पाहिलंय.

येत्या मंगळवारी येते.

तुमची,
बर्फाच्या मायलोवाली