'सर' दोघे, विमानात मात्र चौघे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला स्मिथ बंधूंवरचा लेख वाचला. १२ नोव्हेंबर १९१९ ला लंडनजवळच्या हौन्स्लोहून 'विकर्स विमी' विमान निघाले आणि १० डिसेंबरला डार्विनला उतरले. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विमान पोहोचले ते तेव्हा पहिल्यांदा. राजे पंचम जॉर्ज यांनी कॅप्टन रॉस स्मिथ आणि त्याचा भाऊ कीथ, दोघांना 'सर' केले. इथवर सगळे बरोबर. पण विमानात चौघे होते की! मागच्या उघड्या कॉकपिटमध्ये बसलेले सार्जंट बेनेट आणि सार्जंट शियर्स लेखात 'दोन मेकॅनिक' एवढ्यावर उरकले आहेत.

मी हवाई दलात वीस वर्षे एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो. फॉर्म ७०० वर, म्हणजे विमान उडायला ठीक आहे असे लिहून देण्याच्या कागदावर, आमची सही झाल्याशिवाय पायलट विमानाला हात लावत नसे. म्हणून हे जरा जास्तच खटकले.

सिंगापूरचेच बघा. उतरायला मिळाले ते रेसकोर्सचे मैदान, तेही तोकडे. त्या विमानाला चाकांचे ब्रेक नव्हते. उतरताना बेनेट कॉकपिटमधून बाहेर आला आणि विमानाच्या पाठीवरून घसरत पार शेपटीपर्यंत गेला. का, तर त्याच्या वजनाने शेपूट लवकर टेकावे आणि विमान थांबावे. थांबलेही. (आमच्या वेळी कुणी असे केले असते तर शाबासकीच्या आधी चार्जशीट हातात पडली असती.) पुढे जावा बेटावरच्या सुराबायाला चाके चिखलात रुतली, तेव्हा आसपासच्या झोपड्यांच्या बांबूच्या तट्ट्या अंथरून त्यावरून विमान उडवले. त्याआधी आजच्या इराकमधल्या रमादीला रात्री वादळ सुटले. त्या वेळी विमान धरून ठेवायला धावले ते दहाव्या लान्सर्सचे, म्हणजे घोडदळाचे, आपले हिंदी जवान. लेखात त्यांचाही पत्ता नाही.

दोघा सार्जंटांना दरबाराने काय दिले? एअर फोर्स मेडल त्यांच्याकडे आधीच होते, त्यावर आणखी एक पट्टी, म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा. आता त्या काळी सार्जंटाला 'सर' कोण करणार, हे मलाही कळते. पण रॉस स्मिथने काय केले, ते लेखात यायला हवे होते. ऑस्ट्रेलियन सरकारचे बक्षीस होते दहा हजार पौंडांचे. त्याने त्याचे चार सारखे वाटे केले. सख्ख्या भावाला अडीच हजार, बेनेटला अडीच हजार, शियर्सलाही तेवढेच.

१३ एप्रिल १९२२ ला इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सला नव्या विमानाची चाचणी घेताना रॉस स्मिथ गेला. त्या विमानात त्याच्याबरोबर बेनेटच होता, तोही गेला.

दुरुस्ती छापणार असाल तर पूर्ण नावे अशी आहेत : जेम्स बेनेट आणि वॉली शियर्स.

आपला,
एक निवृत्त सार्जंट, कराड