एका गुणपत्रिकेचा पंचनामा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेच्या निकालानंतर आपल्या जिल्हा पानावर लातूरच्या एका विद्यार्थिनीविषयी बातमी आली होती. ही मुलगी दोन वर्षे आपल्या अभ्यासाच्या रील टाकत होती. पहाटेचा गजर, टेबलावरचा दिवा, रंगीत पेनांनी काढलेल्या नोट्स आणि रात्री फळ्यावर लिहिलेली तासांची बेरीज असे त्यांचे स्वरूप होते आणि माझ्या नातवासह असंख्य मुले त्या पाहत होती. तिला चांगले गुण मिळाले आणि अभिनंदनाचा भर ओसरतो न ओसरतो तोच तिची उलटतपासणी सुरू झाली. बारावीला एवढेच टक्के असताना नीटला हे कसे, वडील डॉक्टर असताना यात हिचे कर्तृत्व कोणते, प्रवर्ग कोणता, रोल नंबर टाक म्हणजे आम्हीच तपासतो, अशा प्रश्नांची तिच्यावर सरबत्ती झाली. एका कनिष्ठ महाविद्यालयात मी 28 वर्षे भौतिकशास्त्र शिकवले असल्याने या प्रकाराविषयी लिहावेसे वाटते.

लोकांचा संशय अगदीच हवेतून आलेला नाही, हे आधी मान्य करतो. 2024 च्या नीटमध्ये प्रथम जाहीर झालेल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 गुण होते, 1,563 परीक्षार्थींना दिलेले वाढीव गुण नंतर मागे घ्यावे लागले आणि पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले. ज्या शहराचे नाव निकालासाठी घेतले जाते, त्याचे नाव अशा तपासात आल्यावर लोक साशंक होणारच. मात्र संशयालाही थोडे गणित यावे लागते. नीटच्या निकालात दिलेला पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षा देणाऱ्यांपैकी शेकडा किती जण आपल्या मागे आहेत एवढेच तो आकडा सांगतो. 2025 मध्ये ही परीक्षा 22 लाखांहून अधिक मुलांनी दिली, त्यामुळे 99 पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्याही पुढे सुमारे 22 हजार मुले होती. बारावीत भाषा असतात, सविस्तर उत्तरे असतात. नीटमध्ये 180 बहुपर्यायी प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा. एका परीक्षेत बेताचा आणि दुसरीत तल्लख असे विद्यार्थी माझ्या प्रत्येक तुकडीत होते. दोन वर्षांच्या गुणांची तुलना तर आणखी निरर्थक आहे, कारण 2025 ची प्रश्नपत्रिका इतकी अवघड होती की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाही 686 गुण होते. एवढे समजून न घेता एका मुलीला खोटे ठरवणारे लोक स्वतःला जागरूक पालक म्हणवतात, याची मला गंमत वाटते. (मुलगा असता तर त्याच्या कपड्यांवर आणि हसण्यावर इतके लिहिले गेले नसते, हेही जाता जाता नोंदवतो.)

आता तिच्या घरच्या सुबत्तेविषयी. हा मुद्दा खोटा नाही आणि तो काढणाऱ्याला जळका म्हणून गप्प बसवणेही बरोबर नाही. शहरातल्या क्लासेसच्या वस्तीत, ट्यूशन एरियात, एकदा संध्याकाळी फेरी मारली तरी फरक दिसतो. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरते भाडे भरून, घेतलेल्या खोलीत चौघे राहतात, मेसचा डबा दोन्ही वेळा पुरवून खायचा असतो, खोलीत गोंगाट म्हणून अभ्यासिकेचे वेगळे पैसे भरायचे असतात आणि या सगळ्याचा मेळ गावाकडे सोयाबीनला काय भाव लागला यावर अवलंबून असतो. रिपीट करायचे, म्हणजे आणखी एक वर्ष तयारी करून पुन्हा परीक्षा द्यायची, की नाही, हा निर्णय अशा घरात मुलाच्या बुद्धीपेक्षा बापाच्या उसनवारीवर ठरतो. ज्या मुलीला स्वतंत्र खोली आहे, जिची आई पहाटे दूध गरम करून देते आणि जिला अडलेले गणित विचारायला घरीच शिकवणीचे शिक्षक येतात, तिचे तास आणि या मुलांचे तास घड्याळात सारखे असले तरी ते एकाच मोलाचे नसतात. रीलमध्ये दिवा दिसतो, विजेचे बिल कोण भरते ते दिसत नाही.

यात माझाही दोष आहे. जळकोट तालुक्यातला एक मुलगा सोयाबीनच्या काढणीला दरवर्षी पंधरा दिवस गावी जाई आणि नेमका तेव्हाच चाचणी परीक्षेत मागे पडे. एकदा भर वर्गात मी त्याच्यापुढे पहिल्या आलेल्या मुलीचे नाव घेतले आणि तिला जमते ते तुला का जमत नाही, असे विचारले. ती मुलगी माझ्याच एका सहकाऱ्याची होती आणि तिच्या घरी सकाळ-संध्याकाळ काय चालते हे मला ठाऊक होते. तो मुलगा काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यापासून मागच्या बाकावर बसू लागला. यशस्वी मुलांचा असा चाबूक आम्ही शिक्षकांनीच आधी केला, रील त्यानंतर आल्या.

आपल्या भागाला तर हा मुद्दा समजायला जड जाऊ नये. वैद्यकीय प्रवेशात 70 टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि उरलेल्या 30 टक्के राज्यभरातील विद्यार्थ्यांना, असे सूत्र सप्टेंबर 2020 मध्ये रद्द होईपर्यंत लागू होते. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, म्हणून आपल्या मुलाला जास्त गुण असूनही जागा मिळत नाही आणि दुसऱ्या विभागातल्याला कमी गुणांवर मिळते, ही तक्रार घेऊन आपण वर्षानुवर्षे निवेदने दिली, मोर्चे काढले. जन्म कुठे झाला यावर संधी ठरू नये, हा आपला युक्तिवाद होता आणि तो रास्त होता. मग जन्म कोणत्या घरात झाला यावरही संधी ठरते असे कोणी म्हटले, की आपल्यातलीच सुस्थितीतली कुटुंबे तो अपमान का समजतात? या विद्यार्थिनीला मिळालेली सोय सांगितली म्हणून तिने सोडवलेले प्रश्न पुसले जात नाहीत.

म्हणूनच माझा आक्षेप प्रश्न विचारण्याला नाही, प्रश्न कोणाला आणि कशाबद्दल विचारला जातो याला आहे. रोल नंबर, प्रवर्ग, वडिलांचे उत्पन्न या तिच्या खासगी बाबी आहेत. गैरप्रकाराचा पुरावा असेल तर तपास यंत्रणेकडे जावे. परंतु तीच मुलगी एखाद्या क्लासचे नाव घेऊन त्याची टेस्ट सिरीज सुचवत असेल, तर त्यासाठी तिला पैसे किंवा फीमध्ये सवलत मिळाली का, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे, आणि ते ठळकपणे सांगणे 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तिच्यावर बंधनकारक आहे. क्लासचालकांची जबाबदारी याहून मोठी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये काढलेल्या सूचनांप्रमाणे यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो जाहिरातीत वापरण्यासाठी निकालानंतर त्याची संमती घ्यावी लागते आणि त्याने कोणता अभ्यासक्रम, किती काळ आणि पैसे भरून केला की मोफत, हे लिहावे लागते. निकालाच्या आठवड्यात आपल्या चौकाचौकांत लागणारे फ्लेक्स या कसोटीवर वाचून पाहावेत. दोन वर्षे वर्गात बसलेला मुलगा आणि शेवटच्या महिन्यात चार सराव पेपर दिलेला मुलगा त्यांवर शेजारी शेजारी, सारख्याच आकाराचे असतात, आणि एकच चेहरा तीन क्लासच्या फलकांवर दिसला तरी कोणी रोल नंबर मागत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला जाब विचारणे सोपे आहे. क्लासचालकाकडे पुढच्या वर्षी धाकट्याचा प्रवेश घ्यायचा असतो.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. निकालाच्या दिवशी आपण गुणवंतांची छायाचित्रे आणि मुलाखती छापता, आणि त्याच अंकात क्लासच्या पानभर जाहिरातीही असतात. मुलाखतीत किती तास अभ्यास केलास या प्रश्नासोबत हा कितवा प्रयत्न, दोन वर्षांत एकूण खर्च किती आला आणि तो कोणी उचलला, हेही विचारावे; विद्यार्थ्याची तयारी असेल तरच उत्तर छापावे. जाहिरात विभागाने क्लासच्या जाहिरातीतील प्रत्येक चेहऱ्याखाली अभ्यासक्रमाचे नाव आणि कालावधी असल्याशिवाय ती जाहिरात स्वीकारू नये. पुढच्या निकालापासून हे सुरू करता आले, तर अंक हातात पडल्यावर नातवाला मी आधी ते पान वाचायला देईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, लातूर